जागतिक रंगभूमी दिन: किमोनो भाड्यानं आणू नका, प्रेक्षकाला कामाला लावा

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाला २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिन साजरा करायचाय. विषय ‘जगातल्या रंगपरंपरा’. प्रत्येक वर्गानं एकेक देश घ्यायचा, तिथली वेशभूषा करून स्टेजवर यायचं, माहिती सांगायची आणि मागे प्रोजेक्टरवर चित्रफिती लावायच्या. हॉल साधा, पैसे बेताचे. विचारणाऱ्या सरांना दोन शंका आहेत: हे रंगेल का? आणि यात कोल्हापूर कुठं बसवायचं?

सर, स्पष्टच सांगते, रंगणार नाही. असले कार्यक्रम मी परीक्षक म्हणून पाहिलेत आणि नुसती प्रेक्षक म्हणूनही. भाड्यानं आणलेला किमोनो, कमरेला गॅदरिंगमधली जरीची ओढणी, हातात कागद आणि ‘काबुकी हा जपानचा एक प्राचीन नाट्यप्रकार आहे’ हे वाक्य. तिसऱ्या देशाला मागच्या रांगा मोबाईलमध्ये जातात, पाचव्या देशाला पुढच्याही. पोरांचा यात काही दोष नाही. चित्रफीत त्यांना घरी बसून बघता येते. समोर घडावं असं काही तुम्ही त्यांना देतच नाही आहात.

मी इथं हौशी नाटकं बसवते, स्पर्धेची बसवते, पोरांच्या एकांकिका बसवते. त्या अनुभवावरून माझं म्हणणं एकच आहे. जगातली कुठलीही टिकलेली रंगपरंपरा घ्या, तिच्यात प्रेक्षकाला काहीतरी काम दिलेलं असतं. कुठं ओरडायचं, कुठं तासन्‌तास उभं राहायचं, कुठं नटांच्या मागं चालत जायचं, कुठं साध्या बाकड्याला सिंहासन मानायचं. कपडे, मुखवटे, रंग हे सगळं त्या कामाभोवती जमा झालेलं असतं. तुम्ही देशागणिक कपडे आणताय. त्याऐवजी देशागणिक प्रेक्षकाचं काम आणा आणि ते हॉलमधल्या लोकांकडून करून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत, तालमी लागतात. आणि कोल्हापूर वेगळं बसवावं लागत नाही. कसं ते खाली येईलच.

आधी तारखेचं उरकू. इंटरनॅशनल थिएटर इन्स्टिट्यूट या संस्थेनं १९६१ मध्ये हा दिवस ठरवला आणि १९६२ पासून तो साजरा होऊ लागला. त्या वर्षी २७ मार्चला पॅरिसमध्ये ‘थिएटर ऑफ नेशन्स’ महोत्सव सुरू झाला होता, म्हणून ती तारीख. पहिला संदेश फ्रेंच लेखक झाँ कॉक्तो यांनी लिहिला. तेव्हापासून दर वर्षी एखादा रंगकर्मी संदेश लिहितो. २००२ साली तो मान गिरीश कार्नाडांना मिळाला होता. संदेश जरूर वाचा, पण प्रमुख पाहुण्यांच्या हातात देऊ नका. ज्या मुलीला वाचायला येतं तिला द्या. आपला घरचा दिवस, मराठी रंगभूमी दिन, ५ नोव्हेंबरला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं त्याची ती आठवण. सांगली काय, इथनं एस. टी. नं जाऊन येण्यासारखी. या सगळ्याला निवेदनात दोन मिनिटं पुरेत.

आता खरा कार्यक्रम. तो पडदा उघडायच्या आधीपासून सुरू करा, कारण जगभर लोकांनी सगळ्यात जास्त डोकं तिथंच चालवलंय. बाहेरच्या जगातला माणूस प्रेक्षक कसा करायचा, हा मोठा पेच असतो. फ्रान्समध्ये पडद्यामागून काठीनं स्टेजच्या फळ्यांवर ठोकायची रीत आहे: आधी भराभर ठोके, मग सावकाश तीन. काबुकीत लाकडाचे दोन दांडके एकमेकांवर आपटतात. सुरुवातीला अंतर ठेवून, मग जवळजवळ, मग एकदम दाट, आणि पडदा सरकतो. केरळच्या कुडियाट्टममध्ये, म्हणजे तिथल्या संस्कृत नाटकाच्या परंपरेत, रंगमंचावर एक मोठा दिवा असतो. त्याच्या तीन वातींपैकी दोन नटाकडे आणि एक प्रेक्षकाकडे, अशी रीत. आपल्याकडे तीन घंटा. पहिली घंटा झाली की रंगपटात पावडरचे डबे मिटायला लागतात. दुसरीला बाहेर चहाचे कप खाली ठेवले जातात. तिसरीला शेवटचा माणूस वाकून, ‘जरा पाय घ्या’ म्हणत आपल्या खुर्चीपर्यंत पोचतो. मग पडद्यामागून आवाज येतो: ‘रंगदेवता आणि नाट्यरसिकांना विनम्र अभिवादन करून सहर्ष सादर करीत आहोत...’

हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ऐकूच येत नाही. देवतेच्या बरोबरीनं, एकाच नमस्कारात, समोर बसलेल्या माणसाला आपण घेतो. कुडियाट्टमच्या तिसऱ्या वातीचं कामही मला तेच वाटतं.

तर हॉलचे दिवे घालवा आणि माईक बंद ठेवा. एक मुलगा काठी घेऊन फ्रेंच ठोके देईल. थांबा. दुसरी मुलगी लाकडाचे दांडके वाजवेल; सुताराकडून सागाचे दोन तुकडे घ्या, प्लायचा आवाज येत नाही. थांबा. मग समई लागेल. मग शिपाईमामांची नेहमीची पितळी घंटा, तीनदा, मध्ये पुरेसं अंतर ठेवून. आणि मग आपलं निवेदन, नुसत्या गळ्यानं. मधे एक शब्दही स्पष्टीकरणाचा नको. काय होतं ते मागच्या रांगेत उभं राहून बघा. स्पष्टीकरण नंतर द्या, लोक मागतील तेव्हा.

आता ओरडण्याचं. इथं मी थोडी रेंगाळणार आहे.

काबुकीत नट एका क्षणी गोठतो. मान झटक्यानं वळते, डोळे तिरळे होतात, बाजूला बसलेला माणूस फळीवर दांडके आपटतो. याला ‘मिए’ म्हणतात. नेमक्या त्या क्षणी प्रेक्षागृहाच्या पार मागून, स्वस्तातल्या जागांवरून, कुणीतरी नटाच्या घराण्याचं नाव खणखणीत ओरडतं: ‘नारिताया!’ ही इचिकावा दानजुरो घराण्याला दिलेली हाक. ओरडणारे हे लोक जुने जाणकार असतात. चुकीच्या जागी ओरडलं तर प्रसंगाचा सत्यानाश, आणि ओरडलंच नाही तर प्रसंग पांगळा. नट त्या हाकेसाठी जागा सोडतो. म्हणजे संहितेत नसलेलं एक वाक्य रोज प्रेक्षकच म्हणतो.

आता सांगा, कोल्हापूरकराला यात परकं काय आहे? खासबागेत कुस्ती बघायला बसलेला म्हातारा डाव लागायच्या अर्धा क्षण आधी त्या डावाचं नाव घेऊन उठतो, तोच हा माणूस. १९०२ च्या विलायत दौऱ्यात शाहू महाराजांनी रोम पाहिलं. परत आल्यावर त्यांनी खासबागचं गोल मैदान बांधून घेतलं, चहूबाजूंनी चढत गेलेलं, कुठूनही आखाडा दिसावा असं. आणि त्याच्याच अंगाला, १९१५ साली, पॅलेस थिएटर उभं राहिलं. पैलवानाला दाद देणारा आणि गायकनटाला दाद देणारा माणूस एकाच आवारात यायचा. संगीत नाटकातला ‘वन्समोअर’ त्या आवारातून वेगळा काढताच येत नाही. पद संपतंय, ऑर्गनवाला शेवटचा सूर धरून आहे, नट पुढचं वाक्य घेणार तेवढ्यात मागून ‘वन्समोअर!’. कथा गेली तेल लावत, नायिका पुन्हा पदाच्या तोंडाशी येते. शुद्धतावादी मंडळींनी या प्रकाराला कायम नाकं मुरडली. नाटक पहाटेपर्यंत लांबायचं हेही खरं. पण प्रयोगाची लांबी प्रेक्षकाच्या हातात असणं ही काही लहानसहान गोष्ट नाही.

याच पॅलेस थिएटरला ज्यांचं नाव पुढं लागलं ते केशवराव भोसले. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूरचा. ‘शारदा’तल्या शारदेच्या भूमिकेनं ते पोरवयात गाजले आणि १९०८ मध्ये, पुरते अठरा वर्षांचेही नसताना, हुबळीत त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं: धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका स्टेजवर आणि त्यांचे चाहते एका छपराखाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. एकतीस वर्षांचं आयुष्य. मुलांना हे सांगाल तेव्हा सनावळी सांगू नका, त्या रात्रीच्या दोन गटांचं सांगा. मग हॉलचे दोन भाग पाडा. एका भागाला काबुकीची हाक शिकवा, दुसऱ्याला वन्समोअर. स्टेजवर एक मुलगा मिए करेल, एक मुलगी नाट्यपद म्हणेल. पहिल्या खेपेला हाक उशिरा येईल, लोक हसतील. पुन्हा घ्या. तिसऱ्या खेपेला ती बरोबर पडते, आणि जी शांतता होते ती त्यांनी स्वतः कमावलेली असते.

याच्या उलट गंमत रामनगरला. काशीच्या समोर, गंगेच्या पलीकडच्या तीरावर, तिथली रामलीला ३१ दिवस चालते. माईक नाही. संवाद सुरू व्हायच्या आधी खड्या आवाजात ‘चुप रहो, सावधान’ अशी आरोळी येते आणि हजारो माणसं गप्प होतात. शिवाय प्रेक्षक एका जागी बसलेलाच नाही. अयोध्या एकीकडे, लंका दुसरीकडे, प्रसंग बदलला की सगळा लोंढा चालत पुढच्या जागी. तुमच्या कार्यक्रमातला एक प्रवेश हॉलमध्ये करूच नका. जिन्यावर करा, पार्किंगमध्ये करा, पण लोकांना उठवून न्या. उठायला खळखळ करतील. प्राचार्यांना आधी सांगून ठेवा, ते उठले की बाकीचे उठतात.

लंडनला शेक्सपिअरच्या काळच्या ग्लोब थिएटरात एक पेनी टाकून लोक अंगणात उभे राहायचे, दुपारच्या उन्हात. नटाला त्यांचे चेहरे दिसायचे. १९९७ ला उघडलेल्या नव्या ग्लोबमध्येही सातशे माणसं उभी राहून नाटक बघू शकतात. प्रेक्षागृहात मिट्ट काळोख करणं ही पद्धत खरं तर अलीकडची, जर्मन संगीतकार वाग्नरनं १८७६ मध्ये बायरॉइटच्या आपल्या थिएटरात ती हट्टानं राबवली आणि मग ती सगळीकडे शिष्टाचार म्हणून पसरली. तेव्हा तुमच्या हॉलला पडदे नाहीत, उजेड येतो, याचं वाईट वाटून घेऊ नका. सुरुवातीच्या ठोक्यांपुरते दिवे घालवले की पुन्हा लावून टाका. उजेडात नट चुकला की लगेच कळतं आणि प्रेक्षक जांभई देतोय हेही नटाला कळतं. दोघांनाही बरं.

आता बाकडं. माझ्या मते तुमच्या कार्यक्रमाचा कणा हाच असावा.

गगनबावड्याचा घाट उतरून खाली गेलात की दशावताराचा मुलूख सुरू होतो. जत्रेची रात्र, देवळाचं आवार, एक कापडी पडदा, पेटी, पखवाज, झांज, आणि मधे एक लाकडी बाकडं. संहिता नाही. आज कुठलं आख्यान हे संध्याकाळी ठरतं, कोण काय करणार ते तिथंच वाटून घेतात, प्रत्येक जण आपला पेटारा उघडून आपलं तोंड आपण रंगवतो. पूर्वरंगात गणपती येतो, संकासुर येऊन धमाल उडवतो आणि मग आख्यान. त्यात बाकड्याचं काम बघा. राजा बसला की ते सिंहासन. राणी रुसून आडवी झाली की पलंग. नारद त्यावर चढला की स्वर्ग, त्याच्या मागं राक्षस दबा धरून बसला की डोंगर. राजा बाकड्याला एक फेरी मारतो आणि रानात पोचतो. पुढ्यात मांडी घालून बसलेल्या आजीला ‘हे रान आहे’ असं कुणी सांगत नाही. रान तिनंच उभं करायचं असतं आणि ती करते.

चीनच्या पेकिंग ऑपेरात हेच काम एक टेबल आणि दोन खुर्च्या करतात. टेबल हे कधी न्यायासन, कधी तटबंदी, कधी टेकडी. नट स्टेजवर गोल फिरला की शेकडो मैलांचा प्रवास झाला. हातात झुपके लावलेला चाबूक असला की तो घोड्यावर आहे. घोडा दिसत नाही, पण चाबूक नोकराच्या हातात दिला म्हणजे उतरला हे पोराटोरांना कळतं. मेइ लानफांग हे तिथले थोर नट, स्त्रीभूमिका करणारे. १९३५ साली ते मॉस्कोला गेले तेव्हा ब्रेख्तनं त्यांचं काम पाहिलं आणि पुढं चिनी अभिनयावर लेख लिहिला. युरोपातला एवढा मोठा नाटककार ज्या गोष्टीनं हरखला, ती आपल्या खाली कोकणात दर जत्रेला होते. कौतुकाला मात्र आपल्याला ब्रेख्त लागतो, त्याला काय करणार.

दोन्ही परंपरांतला एकेक प्रसंग पाठ करून घेऊ नका. चार-चार मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला कॉलेजच्या पोर्चमधलं बाकडं द्या आणि सांगा: या बाकड्याच्या तीन वेगवेगळ्या जागा करा. त्यातली एक कोल्हापूरची हवी. शब्द नाहीत, फलक नाहीत. प्रेक्षकांनी जागा ओळखायची. रंकाळा, पंचगंगेचा घाट, बिंदू चौक, तालमीतला आखाडा, दूध कट्टा, काय वाट्टेल ते. मी हा खेळ शिबिरांत हमखास घेते. मुलं आधी बाकड्याला रंगवायला बघतात, त्यावर चादर टाकतात. ती काढून घ्या. एका मुलीनं नुसती चप्पल काढून, परकर-साडी सावरल्यासारखं करून बाकड्याच्या कडेनं एक पाय खाली सोडला आणि तळव्याला गार लागल्यासारखा चटकन वर घेतला. मागनं तीन-चार जणी एकदम म्हणाल्या, ‘घाट!’ पाणी तिनं दाखवलंच नव्हतं.

पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचा विषय मुलं काढणारच, आणि त्यावर खिदळणारही. त्याला तोंड द्या. काबुकीची सुरुवात १६०३ च्या सुमारास क्योटोत ओकुनी नावाच्या एका स्त्रीनं केली. १६२९ मध्ये सरकारनं बायकांना बंदी घातली आणि मग स्त्रीभूमिका करणारे पुरुष, म्हणजे ‘ओन्नागाता’, तयार झाले. शेक्सपिअरच्या नायिका पोरसवदा मुलगे करायचे. इंग्लंडात व्यावसायिक रंगभूमीवर बायका आल्या त्या १६६० नंतर. आपल्याकडे बालगंधर्वांचं नेसणं, नथ, अंबाडा बघून घरंदाज बायका तशा नटायच्या. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक उभ्या राहिल्या तेव्हा चित्र पालटायला लागलं. पण कुडियाट्टममध्ये नंग्यार समाजातल्या स्त्रिया शतकानुशतकं स्त्रीभूमिका करत आल्यात, त्यामुळे ‘जुन्या काळी सगळीकडे पुरुषच’ हे वाक्य निवेदनात येऊ देऊ नका. इतिहास सरळ रेषेत चालत नाही. साडी नेसलेला मुलगा बघून हॉल हसला तर त्या मुलाला सांगून ठेवा: हसू दे, थांब, आणि मग काम कर. गावोगावच्या सोंगी भजनात आजही मिसरूड काढलेला गडी गौळण होऊन येतो. पहिली पाच मिनिटं शिट्ट्या पडतात, नंतर लोक गौळणच बघतात.

काही परंपरांना मात्र हात लावताना जपा. इराणमधली ताज़िया ही नाट्यपरंपरा करबलाच्या लढाईत मारल्या गेलेल्या इमाम हुसेनच्या शोकाची आहे. तिथं सत्पक्षाचे लोक हिरवे कपडे घालतात, शत्रुपक्षाचे लाल; नट हातात संवादांच्या चिठ्ठ्या धरून म्हणतात, कारण आपण ती व्यक्ती ‘झालो’ असा दावाच करायचा नसतो, आणि बघणारे खरोखर रडतात. हे दहा मिनिटांत उरकायचं दृश्य नव्हे. जर्मनीतल्या ओबरामरगाऊ गावानं १६३३ मध्ये प्लेगच्या साथीत नवस बोलला आणि १६३४ पासून येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाटक तो नवस म्हणून गाव करत आलंय. आता दर दहा वर्षांनी होतं. वर्षभर आधीपासून गावकरी केस-दाढी वाढवतात, भूमिका गावच्याच माणसांना. २०२० चा प्रयोग महामारीमुळे २०२२ ला झाला. या दोन्हींबद्दल नुसतं बोला, सोंग आणू नका. ओबरामरगाऊची गोष्ट आपल्या लोकांना पटकन कळते, नवसाची जत्रा काय असते हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि वास्तूबद्दल बोलल्याशिवाय कोल्हापुरात यंदा काय, पुढची अनेक वर्षं हा दिवस पुरा व्हायचा नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. सकाळी तिथं जमलेली माणसं मी पाहिली: नट होते, लाईटवाले होते, मेकअपवाले होते, आणि नाटकाशी काडीचा संबंध नसलेले, शाळेत असताना कधीतरी एकदा बाल्कनीत बसलेले लोकही होते. छप्पर गेलेलं, आत आभाळाचा उजेड. ज्या जागी आम्ही सावली पडू नये म्हणून स्पॉट इंचाइंचानं सरकवायचो, तिथं भर उन्हाचा चौकोन.

थिएटरं जगभर जळत आलीत, हे मुलांना सांगा. लाकूड, कापड आणि उघडी ज्योत, दुसरं काय होणार. २९ जून १६१३ ला नाटकातल्या तोफेच्या बारानं ग्लोबचं गवती छप्पर पेटलं. कुणी मेलं नाही. एका गड्याची विजार पेटली ती म्हणे बीअर ओतून विझवली. पुढच्याच वर्षी थिएटर पुन्हा उभं, यावेळी कौलारू. शिकागोच्या इरोक्वा थिएटरात ३० डिसेंबर १९०३ ला सहाशेच्या वर माणसं गेली, बरीचशी बायका-मुलं; सुट्टीतला दुपारचा खेळ होता. बाहेर जायच्या दारांचे आणि कड्यांचे कायदे त्यानंतर अनेक ठिकाणी कडक झाले. व्हेनिसचं ला फेनिचे जानेवारी १९९६ मध्ये जळालं तेव्हा लोकांनी एकच घोष लावला: ‘जसं होतं तसं, जिथं होतं तिथं.’ डिसेंबर २००३ मध्ये ते उघडलं. आपल्याकडेही ‘होतं तसंच उभं करा’ हीच मागणी पहिल्या दिवसापासून होती. माझं मत विचाराल तर भिंती आणि आवाज होता तसा असावा. वायरिंग, दारं आणि पाण्याची सोय अजिबात होती तशी नसावी.

या भागाला एक प्रात्यक्षिक सुचवते. कोल्हापूर हे रंगवलेल्या पडद्यांचंही गाव. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्यातले बाबूराव पुढं बाबूराव पेंटर म्हणून सिनेमात गेले, १९२० साली त्यांनी इथंच ‘सैरंध्री’ केला. तुमच्या चित्रकलेच्या मुलांना एक मोठं मांजरपाट द्या. त्यावर नाट्यगृहाचं प्रेक्षागृह रंगवू द्या, स्टेजवरून दिसतं तसं: खुर्च्या, बाल्कनी, दारं. तो पडदा मागं लावा. म्हणजे स्टेजवरच्या पोराच्या पुढंही प्रेक्षक आणि मागंही. फक्त कापडाला आग न धरणारा लेप मारून घ्या आणि समईपासून लांब ठेवा.

आता व्यवहाराचं, भराभर. प्रवेश निवडताना हयात किंवा अलीकडच्या लेखकाचं काही घेतलंत तर लेखी परवानगी घ्या, ‘कॉलेजचा कार्यक्रम आहे, काय होतंय’ म्हणू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. गोविंद बल्लाळ देवल १९१६ ला गेले, त्यामुळे ‘शारदा’ मोकळी. तिकीट लावून जाहीर प्रयोग करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचं आधी बघा. वेळ दीड तासाच्या वर जाऊ देऊ नका, सत्कार-समारंभ धरून. हार-तुरे शेवटी. सुरुवातीला दीपप्रज्वलनाच्या नावाखाली सहा जण एका समईभोवती मेणबत्ती फिरवत राहिले की वर सांगितलेल्या ठोक्यांचं वाटोळं.

माईकबद्दल वाद होईल. ग्रीसमधल्या एपिदॉरसच्या उघड्या थिएटरात चौदा हजारांच्या आसपास माणसं बसतात आणि बिनमाईकचं नाटक ऐकतात. तुमच्या हॉलला पंखे बंद केले तर बिनमाईक चालेल. मार्च अखेर आहे, उकडेल, म्हणून कार्यक्रम सकाळी आठला ठेवा. पोरांना मागच्या भिंतीशी बोलायला लावा, पुढच्या रांगेशी नको.

शेवटचा अर्धा तास मात्र तुमच्या पोरांचा नको. जवळच्या एखाद्या गावातलं सोंगी भजनी मंडळ बोलवा. बाकडं तेच ठेवा, दिवे चालूच ठेवा, आणि वन्समोअर शिकवलेला अर्धा हॉल त्यांच्या समोर बसवा. तासाभरापूर्वी जे खेळ म्हणून केलं ते लोक आता न सांगता करतात की नाही, हे तिथंच कळेल. मंडळाला स्टेज दाखवायला एक माणूस द्या, कपडे बदलायला धड खोली द्या. व्हरांड्यात आडोसा करून भागवू नका. येण्या-जाण्याची गाडी, दोन वेळचं जेवण आणि मानधनाचा आकडा फोनवर आधी ठरवा, आणि पाकीट त्यांची सोंगं उतरायच्या आत हातात द्या. मंडळातले बरेच जण दुसऱ्या दिवशी पहाटे धारेला किंवा कामावर जाणारे असतात, त्यांना अकाऊंट सेक्शनच्या सहीसाठी ताटकळत ठेवू नका.